खाज लपवू नका, साखर तपासा

पालकसभा संपली तरी एक आई मागेच थांबली. वर्ग रिकामा झाल्यावर हळूच म्हणाली, "टीचर, मोठीला खाली फार खाज सुटते, पांढरंही जातं. लग्न व्हायचंय तिचं, डॉक्टरकडे कशी नेऊ?"

आम्ही आधी तिची भीती काढली. हे दुखणं चारित्र्याचं नाही, अस्वच्छतेचंही नाही. कॅन्डिडा नावाची बुरशी योनीमार्गात थोडीफार असतेच. तिथले चांगले जिवाणू तिला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये ते जिवाणू मरतात, मग बुरशी फोफावते. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. कुमारिकांनाही होतो. गरोदरपणात, स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असताना जास्त.

मग ती माऊली म्हणाली, "मलाही दर दोन-तीन महिन्यांनी होतं." साखर कधी तपासली? कधीच नाही! खरी गोम इथे आहे. रक्तात साखर वाढली की बुरशीला आयतं खाद्य मिळतं. वर्षात तीन-चार वेळा त्रास झाला तर मलमाच्या आधी साखर तपासायला हवी. डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यानेही हा त्रास होऊ शकतो. गोळी मात्र मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं.

आपल्या घरांत पाण्याने स्वच्छता करण्याची सवय आहे, चांगलीच आहे. पण बाहेरून साधं पाणी पुरतं. आत साबण, डेटॉल घालून धुतल्याने आग वाढते. ओले, घट्ट कपडे अंगावर ठेवू नयेत.

पांढरा, दह्यासारखा स्राव, खाज आणि लघवीला आग ही याची ओळख. घाण वास, हिरवट-करडा रंग, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर आजार दुसरा असू शकतो. म्हणून मेडिकलवाल्याकडून अंदाजाने ट्यूब आणू नका. पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. डॉक्टर क्लोट्रिमाझोल किंवा फ्लुकोनाझोल देतात, बहुतेकींना आठवड्याभरात आराम पडतो. दिवस गेले असतील तर फ्लुकोनाझोलची गोळी स्वतःहून मुळीच घ्यायची नाही.

राहिला लग्नाआधीच्या तपासणीचा प्रश्न. आतून तपासणी दरवेळी लागतेच असं नाही. लक्षणं विचारून, बाहेरून पाहून, कापसाच्या काडीवर नमुना घेऊनही निदान होतं. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं सरळ सांगा, आणि मुलीसोबत आईनेही आपली साखर त्याच फेरीत तपासून घ्यावी.