नांदुऱ्यातला विश्रांतीचा दिवस

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासातला विश्रांतीचा दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस नव्हे. सलग चार-पाच दिवस दीर्घ अंतर कापल्यावर स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा आटतो. पुरेसे पिष्टमय अन्न मिळाले तर तो भरून यायला साधारण २४ तास लागतात. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजा भरायला मात्र त्याहून अधिक वेळ जातो.

धुळे-नागपूर मार्गावर या थांब्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातले नांदुरा सोयीचे. समृद्धी महामार्गावर सायकलला मज्जाव असल्याने सायकलस्वार राष्ट्रीय महामार्ग ५३ ने, म्हणजे जुन्या ६ नंबरने जातात. मलकापूर आणि खामगावच्या मधले हे गाव महामार्गालगतच्या १०५ फुटी हनुमान मूर्तीमुळे चटकन ओळखू येते.

गावात जुना मित्र असेल तर लॉजपेक्षा त्याचे घर केव्हाही बरे. धुतलेले कपडे दोरीवर वाळतात, चेन पुसून तेल घालायला अंगण मिळते, दुपारी भाकरी-भरीत खाऊन निवांत झोपता येते. धोका एकच, आग्रहाचा. भेटीगाठींच्या नावाखाली गावभर पायपीट आणि रात्री बारापर्यंत गप्पा झाल्या, तर पाय दुसऱ्या दिवशी त्याची वसुली करतात. फिरायचेच असेल तर मित्रासोबत रेल्वेने जलंबमार्गे शेगावला जाऊन गजानन महाराजांचे दर्शन घ्यावे. तिथली कचोरी एखादीच खावी. उन्हाळ्यात तर हेही सकाळीच उरकावे. संध्याकाळी अर्धा तास सायकल हलक्या गिअरवर फिरवली की पाय आखडत नाहीत.