वगळलेले अन्न पुन्हा ताटात

पोटफुगी, मुरडा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असा त्रास वर्षानुवर्षे होत असला, तरी नेमके काय बाधते हे रुग्णाला बहुधा सांगता येत नाही, कारण हा त्रास जेवणानंतर काही तासांनी होतो आणि तो खाल्लेल्या प्रमाणावरही अवलंबून असतो. अशी अन्न-असहिष्णुता, म्हणजे प्रतिकारयंत्रणेशी संबंध नसलेली अन्नबाधा, बव्हंशी रक्ततपासणीत सापडत नाही. म्हणून संशयित पदार्थ काही आठवडे वगळून पुन्हा एकेक करून खाऊन पाहावे लागतात.

या पद्धतीचे सर्वांत अभ्यासलेले रूप म्हणजे मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांच्या संशोधनातून घडलेला अल्प-फॉडमॅप आहार होय. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात पुरेशा न शोषल्या जाणाऱ्या शर्करा. त्या आतड्यात पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवून वायू निर्माण करतात. कांदा, लसूण व गव्हातील फ्रुक्टान, हरभरा-राजम्यातील शर्करा, दुधातील लॅक्टोज ही त्यांची उदाहरणे असल्याने मराठी स्वयंपाकाला हा आहार जड जातो. मात्र फ्रुक्टान तेलात विरघळत नसल्याने लसूण तळून काढून टाकलेल्या तेलाची फोडणी चालते.

दोन ते सहा आठवड्यांच्या वर्जनाने बरे वाटले की अनेकजण तेथेच थांबतात, आणि हीच या पद्धतीतील सर्वांत मोठी चूक आहे. एकाच वेळी अनेक पदार्थ सुटलेले असल्याने दोषी कोण हे पुन्हा खाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि दीर्घकाळच्या वर्जनाने आतड्यातील उपयुक्त जिवाणू घटतात. गव्हाचेच पाहावे: ग्लूटेन हे गव्हातील प्रथिन बाधते असे मानून ते स्वतःहून सोडलेल्या ५९ जणांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टाननेच अधिक त्रास झाल्याचे दिसले.

सिलिॲक रोगात मात्र ग्लूटेनमुळे प्रतिकारयंत्रणा आतड्यालाच इजा करते, आणि गहू आधीच सोडला असल्यास त्याची रक्ततपासणी फसवी ठरू शकते. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे किंवा रक्तक्षय असल्यास घरगुती प्रयोग करू नयेत. खाताच श्वास कोंडणे वा ओठ सुजणे असे घडलेला पदार्थ घरी पुन्हा खाऊन पाहणे जिवावर बेतू शकते. इतरांनीही गहू सोडण्यापूर्वी सिलिॲकची तपासणी करून घ्यावी.