सीमाभागातील अफवा आणि यंत्राची नजर

६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासून त्याचे उत्तर दिले गेले. बससेवा विस्कळीत झाली आणि झळ बसली ती प्रवाशांना. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी एकनाथ शिंदे व बसवराज बोम्मई या तत्कालीन मुख्यमंत्र्यांची दिल्लीत बैठक घेतली. बड्या नेत्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी तेढ वाढवली, असे शहा यांनी सांगितले. ज्या ट्विटवरून वाद पेटला ती खरोखर बनावट होती का, असा प्रश्न महाराष्ट्रातील विरोधकांनी केला.

खाते खरे की खोटे, हे विधानाने ठरत नाही. त्यासाठी पुरावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित डेटा विश्लेषण नागरी संघटनांना येथेच साहाय्यभूत ठरू शकते. यंत्र हजारो जाहीर संदेश वाचून शब्द बदललेले पण आशय तोच असलेले संदेश एकत्र करते. ते कोणत्या क्षणी आले, खाती कधी उघडली गेली, ती एकमेकांचेच संदेश पुढे ढकलतात का, हे तपासते. जुन्या दंगलीचे छायाचित्र आजचे म्हणून फिरत असेल, तर त्याची मूळ प्रतही शोधता येते. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एकच चिथावणी उलटसुलट रूपात पेरली जात असल्यास तीही उघड होते.

तथापि, यंत्राचा कौल हा निकाल नव्हे. १ नोव्हेंबरला सीमाभागातील मराठी भाषक काळा दिन पाळतात. त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सव साजरा होतो. त्या दिवशी असंख्य माणसे एकाच वेळी, एकाच घोषणा मनापासून लिहितात. केवळ आकडे पाहणाऱ्या यंत्राला तो संघटित बनाव वाटू शकतो. लोकभावना आणि कारस्थान यांतील भेद ओळखण्यासाठी बेळगाव-निपाणीची बोली, रोमन लिपीत लिहिलेली मराठी-कन्नड सरमिसळ आणि सीमाप्रश्नाचा इतिहास जाणणारा माणूसच हवा. असे द्विभाषिक लोक या भागाचे बळ आहे.

अडचणी आणखीही आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश कूटबद्ध असल्याने बाहेरून वाचता येत नाहीत. नागरिकांनी संशयास्पद मजकूर स्वतःहून पडताळणी केंद्राकडे पाठवावा लागतो. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना मिळणारी विनामूल्य माहिती थांबवली, तर फेसबुकवरील मजकुराचा माग काढणारे क्राउडटँगल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी डीपफेक तपासण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर मदतसेवेची घोषणा झाली, तेव्हा तीत इंग्रजी, हिंदी, तमिळ व तेलुगू या चारच भाषा होत्या. मराठी नव्हती, कन्नडही नव्हती.

ही उणीव गोव्यालाही परकी नाही. बेळगावची भाजी रोज येथील बाजारात येते आणि म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटकशी वाद सुरूच आहे. सीमाभागातील महाविद्यालये, पत्रकार आणि दोन्ही भाषांतील संस्थांनी शांततेच्या काळातच पडताळणीची संयुक्त व्यवस्था उभारली, तर पुढच्या वेळी दगड उचलला जाण्यापूर्वी खरे-खोटे लोकांपर्यंत पोहोचू शकेल. दगडफेकीनंतर आलेला खुलासा फुटलेल्या काचा सांधत नाही.