घरचा संगणक – भाग ९ : अडखळणारा स्लाइड शो

संगणक सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम आपणहून जागे होतात, ते मागच्या भागात पाहिलं. ते बंद केले तरी एक तक्रार उरतेच. बाकी सगळं बरं चालतं, पण पॉवरपॉइंट उघडलं की मशीन बसतं.

शेजारच्या काकूंचा लॅपटॉप असाच बसला होता. काकांच्या पंचाहत्तरीसाठी त्यांनी ६२ फोटोंचा स्लाइड शो केला होता. कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला आणि एकेक स्लाइड पुढे सरकायला दहा-दहा सेकंद. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. मुलाने फोनवरून सांगून टाकलं होतं, "आई, नवीन घे." मी म्हटलं, काकू, आधी फाइल केवढी आहे ते बघू. निघाली २८० एमबी.

दुखणं तिथेच होतं. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. जेपेग फाइलमध्ये ते दाबून बसवलेले असतात, म्हणून फोटो चार-पाच एमबीत मावतो. पडद्यावर दाखवायचा तर तो उलगडावा लागतो. ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एका फोटोला रॅममध्ये ४८ एमबी जागा लागते. एक स्लाइड विरत दुसरी उमटावी असा परिणाम दिला असेल, तर दोन्ही स्लाइडी एकदम सांभाळाव्या लागतात. काकूंच्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपक्यांचा. सव्वा कोटीच्या आसपास ठिपके उलगडायचे आणि दिसणार त्यांचा अकरावा हिस्सा! रॅम भरली की विंडोज हार्ड डिस्कवर जागा शोधतं, आणि फिरत्या तबकडीची डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी आणि डिस्क दोन्ही शंभरीला टेकलेली दिसली, तर हाच प्रकार समजा.

उपाय पॉवरपॉइंटमध्येच आहे. आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा, कारण दाबलेले फोटो पुन्हा मूळपदावर येत नाहीत. मग एखाद्या फोटोवर क्लिक करून पिक्चर फॉरमॅटमधलं 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडा. 'फक्त याच चित्राला' अशा अर्थाच्या चौकटीतली खूण काढा, १५० पीपीआय निवडा आणि कातरलेले भाग पुसण्याची खूण राहू द्या. ही शेवटची खूण फार मोलाची. काकूंनी लग्नाच्या ग्रुप फोटोतून दोघांचेच चेहरे कातरून घेतले होते, पण अख्खं वऱ्हाड फाइलच्या आत तसंच बसलेलं होतं. क्रॉप केलेला भाग नुसता झाकला जातो. ती फाइल कुणाला पाठवली, तर तो ते झाकण उघडू शकतो. घरच्यांचे फोटो असतील तेव्हा हे ध्यानात ठेवाच.

काकूंची फाइल ३० एमबीवर आली आणि स्लाइडी सरकू लागल्या.

फाइल लहान असूनही अडखळत असेल, तर कंट्रोलची कळ दाबून धरा आणि पॉवरपॉइंटच्या आयकॉनवर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडू का, असं ते विचारेल. तिथे सुरळीत चाललं, तर एखादं अॅड-इन आडवं येतंय असं धरून चाला. ऑप्शन्समध्ये जाऊन एकेक बंद करून पाहा. स्लाइड शो चालू असताना पडदा काळा पडत असेल किंवा लुकलुकत असेल, तर सेट अप स्लाइड शोमध्ये हार्डवेअर ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करून बघा.

मराठी मजकुराचं एक वेगळंच दुखणं आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं 'अमृतमहोत्सव' हॉलच्या संगणकावर अगम्य खुणा होऊन दिसतं, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. मंगल किंवा निर्मलासारख्या युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करा.

आणि शो पेनड्राइव्हवरून थेट चालवू नका. फाइल हॉलच्या संगणकाच्या डेस्कटॉपवर उतरवून घ्या आणि पाहुणे यायच्या आत एफ ५ दाबून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चालवून बघा. काकूंच्या शोमध्ये नातवाचा एक व्हिडिओही होता. व्हिडिओचं तंत्र वेगळं, ते पुढच्या भागात.