दिवसा भिंत, रात्री पलंग

उरणजवळच्या मोऱ्याच्या माणसाला जागेचं वेळापत्रक शिकवावं लागत नाही. मोठी ओहोटी लागली की बंदरातल्या गाळामुळं भाऊच्या धक्क्याची लाँच थांबते. भरती चढली की तीच जागा पुन्हा बंदर होते. लहान घराचंही असंच आहे. एकाच जागेचा सकाळी एक उपयोग, रात्री दुसरा.

आणि घरं खरोखर लहान आहेत. जानेवारी २०२४ मध्ये लोकल थेट उरणपर्यंत आली आणि घर शोधणाऱ्यांची नजर या बाजूला वळली. सिडकोच्या २०१८ च्या सोडतीत तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि मोऱ्याजवळचं द्रोणागिरी अशा पाच ठिकाणची १४,८३८ घरं होती. त्यातलं सगळ्यात लहान घर २५.८१ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७८ चौरस फुटांचं. तिथं सहा बाय पाचचा पलंग टाकला की ३० चौरस फूट गेले. घराचा नववा हिस्सा, तोही दिवसातल्या जेमतेम आठ तासांसाठी! उरलेले सोळा तास तो पलंग फुकटचा भाडेकरू.

त्याला भिंतीला लावायचं कसं, यावर माणसानं गेली तेहतीसशे वर्षं डोकं चालवलं आहे. त्यातल्या काही गमती, काही कामाच्या गोष्टी.

राजाचाही पलंग घडीचा

इजिप्तच्या तूतनखामेन राजाची कबर १९२२ मध्ये सापडली. सोनं, रथ, सिंहासनं यांच्याबरोबर तिथं एक पलंगही निघाला. धातूच्या बिजागऱ्यांवर तीन घड्या होणारा! राजवाड्यात जागेची टंचाई नव्हती, पण प्रवासात होती. नेपोलियनही मोहिमेवर घडीचा लोखंडी पलंग नेत असे. १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर त्यानं प्राण सोडले, तेही अशाच पलंगावर.

टेबल उघडलं, पलंग निघाला

१४ जुलै १८८५. शिकागोत फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या सारा गूड यांना एका पलंगाचं पेटंट मिळालं. दिवसा तो लिहायचं टेबल असायचा, कागद-लेखणी ठेवायला खणांसकट. रात्री उलगडला की पलंग. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांची गणना होते. गिऱ्हाइकांची घरं लहान, हे त्यांनी गल्ल्यावर बसून रोज पाहिलं होतं.

प्रेमापोटी उभा राहिलेला पलंग

भिंतीत उभा राहणाऱ्या पलंगाला जगभर ‘मर्फी बेड’ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोचे विल्यम मर्फी एका खोलीत राहत. त्यांचं मन एका ऑपेरा गायिकेवर जडलं होतं, पण पलंग दिसणाऱ्या खोलीत परक्या पुरुषाला भेटायला जाणं तेव्हाच्या बाईमाणसाला शोभणारं नव्हतं. म्हणून त्यांनी पलंगच दाराआड उभा केला, अशी आख्यायिका आहे. १९१६ मध्ये चार्ली चॅप्लिननं ‘वन ए. एम.’ या मूकपटात अशाच एका हट्टी पलंगाशी कुस्ती खेळली. पुढं हे नाव इतकं घरोघरी झालं, की १९८९ मध्ये अमेरिकी न्यायालयानं ते कंपनीच्या एकटीच्या मालकीचं मानायला नकार दिला.

आजीचं घर आधीच घडीचं होतं

आपल्याकडं पेटंट कुणी घेतलं नाही, पण घडी घालण्यात आपण मागं नव्हतो. अंथरुणाची वळकटी सकाळी कोपऱ्यात जायची. बाज दिवसा भिंतीला टेकून उभी. पाट जेवणापुरते खाली, एरवी भिंतीशी ओळीनं उभे. डाळ-तांदळाची मडकी एकावर एक रचून उतरंड व्हायची, म्हणजे पाच मडक्यांना जमीन एकाच मडक्याची. दूध-लोणी शिंक्यावर, तिथं मांजरही पोचत नसे. कपडे दांडीवर, पिशव्या खुंटीवर, दिवा कोनाड्यात, वर्षातून एकदा लागणारी पातेली माळ्यावर.

बाळाची सोय तर सगळ्यात स्वस्तातली. छताला कडी आणि जुनं लुगडं, झाली झोळी. बाळ उठलं की खोली पुन्हा मोकळी.

स्वयंपाकघरातली घडीची विळी आठवा. पातं आडवं पाडलं की धार पाटावर विसावते, विळी फळीवर मावते आणि रांगत्या पोराची भीतीही जाते. पोथी ठेवायचा एकमेकांत अडकलेल्या फळ्यांचा स्टँड तर अनेकदा एकाच लाकडातून कोरतात. खिळा नाही, बिजागरी नाही, तरी उघडतो आणि मिटतो.

अंथरूण एक, पाळ्या दोन

परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजी आंबेडकरांचं बिऱ्हाड एकाच खोलीत होतं. दोघांना एका वेळी आडवं व्हायला पुरेशी जागा नव्हती. मग वडील रात्री दोनपर्यंत जागे राहत, नंतर लेकाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागी स्वतः झोपत. चरित्रकार धनंजय कीर यांनी ही हकिगत नोंदवली आहे. तो मुलगा म्हणजे भीमराव. गिरणगावात कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्याही अशाच चालत. एक पाळी गिरणीत गेली की दुसरी पाठ टेकायला हजर. ही हौसेची युक्ती नव्हती, गरजेनं शिकवलेली होती. पण जागा मोजताना घड्याळ बघायचं असतं, हे त्या माणसांना कुठल्याही वास्तुविशारदाइतकं कळलं होतं.

जगप्रसिद्ध झोपडी, चाळीतल्या खोलीहून लहान

बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एकेका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. त्यात तीन-तीन पिढ्या नांदल्या. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्याही मिळाल्या.

आता गंमत बघा. चंडीगढचे शिल्पकार ल कॉर्ब्युझिए यांनी फ्रान्सच्या समुद्रकाठी स्वतःसाठी सुट्टीची लाकडी झोपडी बांधली. आकार ३.६६ बाय ३.६६ मीटर, म्हणजे १४४ चौरस फूट. बीडीडीच्या खोलीपेक्षा सोळा फूट कमी! ती आज जागतिक वारसा आहे. अर्थात तिथं स्वयंपाकघर नव्हतं. साहेब शेजारच्या खानावळीत जेवायचे. स्वयंपाक वगळला तर आपणही बऱ्याच कमी जागेत राहू शकतो.

सगळ्यात ओळखीचं घडीचं फर्निचर

ते रेल्वेत आहे. स्लीपर डब्यातला मधला बर्थ रात्री साखळ्यांवर चढतो आणि दिवसा पाठ टेकायची फळी होतो. बाजूच्या खालच्या दोन खुर्च्यांच्या पाठी पाडल्या की बर्थ तयार. हे सगळं रात्री दहा ते सकाळी सहा या नियमावर चालतं. मधला बर्थ कधी उघडायचा यावरून होणारी भांडणं आठवा, म्हणजे घडीच्या फर्निचरला घरातही नियम का लागतो हे उमजेल.

रेल्वेतून आलेला ओटा

आजच्या मॉड्युलर किचनची पणजीही डब्यातच सापडते. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी रेल्वेच्या भोजनयानाचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून ‘फ्रँकफर्ट किचन’ आखलं. ते १.९ बाय ३.४ मीटरचं, सुमारे ७० चौरस फुटांचं. भिंतीतून खाली पडणारी इस्त्रीची फळी आणि पीठ-साखर ओतता येतील असे चोचीचे डबे त्यात होते. फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली.

रुरकीची खुर्ची परदेशी गेली

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भारतातल्या लष्करी अभियंत्यांमध्ये एक सुटी होणारी खुर्ची रूढ झाली. तिला रुरकी शहराचं नाव पडलं. तिला गोंद नाही, खिळा नाही. माणूस बसला की कापडाच्या किंवा कातड्याच्या ताणानं सांधे आपोआप आवळतात आणि उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. १९३३ मध्ये डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी तिच्यावरून ‘सफारी खुर्ची’ घडवली. आज ती महागड्या दुकानांत दिमाखात बसते.

एक घर, चोवीस खोल्या

हाँगकाँगचे वास्तुविशारद गॅरी चँग लहानपणी आईवडील आणि तीन बहिणींबरोबर ज्या घरात वाढले, तेच त्यांनी पुढं बदलून घेतलं. जागा ३२ चौरस मीटर. भिंती छताच्या रुळांवर सरकतात. एक ओढली की स्वयंपाकघर, दुसरी ओढली की न्हाणीघर, तिसरीतून पलंग, अशा चोवीस रचना होतात. सिडकोच्या त्या छोट्या घरापेक्षा हे फक्त सहा चौरस मीटर मोठं!

टोकियोच्या नाकागिन टॉवरची गोष्ट मात्र सावध करणारी. १९७२ मध्ये तिथं सुमारे दहा-दहा चौरस मीटरच्या १४० खोल्या यंत्राच्या सुट्या भागांसारख्या बसवल्या होत्या. पंचवीस वर्षांनी जुन्या काढून नव्या लावायच्या, असा बेत होता. एकही बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये इमारत पाडली. हलत्या वस्तूची देखभाल आधी ठरवावी लागते, नंतर ती होत नाही.

‘हायड्रॉलिक’ पलंगात हवाच

खाली सामान ठेवायच्या पलंगाची फळी उचलली की अलगद वर राहते. दुकानदार त्याला हायड्रॉलिक म्हणतो. प्रत्यक्षात त्या नळ्यांमध्ये दाबून भरलेला नायट्रोजन वायू असतो; तेल असतं ते वंगणापुरतं. नळीवर तिची ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते. ८०० म्हणजे सुमारे ८० किलोंचा जोर. गादी बदलून हलकी घेतली तर फळी नीट बसत नाही, जड घेतली तर वर टिकत नाही. म्हणून आधी गादी ठरवा, मग नळ्या.

खाऱ्या हवेचा हिशेब

मोरा, करंजा, उरणच्या हवेत साधी लोखंडी बिजागरी लवकर गंजते, आणि घडीच्या फर्निचरचा जीव बिजागरीतच असतो. इथं स्टेनलेस स्टील किंवा पितळ घ्या, टेलिस्कोपिक चॅनेलला अधूनमधून तेल द्या. प्लायवर शिक्का बघा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराचा.

पावसाळ्यात उठल्या उठल्या गादी भिंतीत मिटू नका. अंगाची ओल आत कोंडली की बुरशी धरते. अर्धा तास वारा लागू द्या, मग मिटा.

भिंतही तपासा. उभा पलंग पुढं कलू नये म्हणून भिंतीला पक्का बांधावा लागतो. चार इंची विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीला साधे स्क्रू पुरत नाहीत. काँक्रीटची भिंत भार पेलते, पण तिच्यात कोनाडा खोदायचा विचारही करू नका, आत सळया असतात.

पैसे देण्यापूर्वी

आधी गणित. पाच फूट रुंद पलंग भिंतीत उभा केला तर सोळा इंच खोल कपाटात मावतो. जमीन जाते सात चौरस फुटांच्या आत. म्हणजे दिवसा तेवीस फूट परत मिळाले. मुलांचा अभ्यास, शिलाई मशीन, पाहुण्यांची पंगत, काहीही तिथं बसेल. पण तो रोज मिटला तरच.

त्यामुळं दुकानात विक्रेत्याला बाजूला करा आणि घरातल्या ज्या माणसाला ते फर्निचर रोज हाताळायचं आहे, त्यालाच उघडायला आणि मिटायला लावा. उघडल्यावर लागणारी जागा खडूनं घरच्या फरशीवर आखा आणि दार, कपाट, गॅसची शेगडी आड येते का बघा. ते उघडण्यासाठी आधी दुसऱ्या दोन वस्तू सरकवाव्या लागणार असतील, तर आठवड्याभरात ते कायमचं उघडं किंवा कायमचं बंद राहणार, हे नक्की समजा. असं फर्निचर कितीही देखणं असलं तरी घेऊ नका. एका माणसाला, एका दमात, दोन्ही वेळ जमेल तेवढंच घ्या.