पेरलेलें बियाणें आणि जपलेली पावती

मृगाचा पाऊस पडला, कीं यवतमाळच्या बाजारांत बियाण्याच्या दुकानांपुढें झुंबड उडते. शहरांतील सुशिक्षित घरांना हा शेतकऱ्यांपुरता प्रश्न वाटेल. परंतु आपणांपैकीं किती जणांची दोनचार एकर जमीन अजून गांवीं आहे, हें मीं सांगावयास नको. शिवाय ग्राहकाचा कायदा कोठें अडतो व कोठें उपयोगीं पडतो, हें कळण्यास याहून चांगलें उदाहरण नाहीं. विजेचा पंखा बिघडला तर तो उचलून दुकानदारापुढें ठेवतां येतो. बियाणें एकदां मातींत गेलें, कीं सदोष वस्तूच नाहींशी होते. मग दाखवावयाचें काय?

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ सालीं झाला. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलांत आहे. दोहोंत एक अट आहे, ती ही कीं, व्यापारी हेतूनें माल घेणारा ग्राहक नव्हे. विक्रेत्यांचें म्हणणें असें, कीं शेतकरी पीक विकतो, तेव्हां त्याची खरेदीही व्यापारीच. वस्तुतः केवळ स्वतःच्या श्रमानें पोट भरण्यासाठीं केलेली खरेदी व्यापारी नव्हे, असा खुलासा १९९३ सालींच कायद्यांत घातला होता. तरीही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

राष्ट्रीय बीज निगम व आंध्र प्रदेशांतील शेतकरी यांच्या खटल्याचा निकाल जानेवारी २०१२ मध्यें लागला. शेतकरी हा ग्राहकच आहे. १९६६ च्या बियाणें अधिनियमांत त्याला भरपाई देण्याची तरतूद नाहीं, म्हणून ग्राहक मंचाकडे जाण्यास आडकाठी नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. बियाणें प्रयोगशाळेंत तपासलेलें नाहीं, हाही आक्षेप टिकला नाहीं. शेतकरी घेतलेलें सारें बियाणें पेरणारच. तपासणी हवी होती तर निगमानेंच नमुन्यासाठीं अर्ज करावयाचा होता. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण शेतांतील रीत न्यायासनास समजली.

पण ज्याच्याजवळ कागदच नाहीं, त्याला हा निकाल काय उपयोगाचा? येथें माझीच फजिती सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं गांवच्या शेतासाठीं सोयाबीनचें बियाणें घेतलें. दुकानदारानें कोऱ्या चिठ्ठीवर आंकडे लिहून दिले व पक्की पावती घेतल्यास दर वाढेल म्हणाला. आयुष्यभर मुलांना वहीवर तारीख घाला म्हणून दटावणारा हा मास्तर गप्प बसला. शेत उगवलें जेमतेम तिसरा हिस्सा. पिशव्या गड्यानें चुलींत घातल्या होत्या. दुबार पेरणीचा खर्च झाला तो झाला; घरांत ऐकून घ्यावें लागलें तें वेगळें.

तेव्हां पावती, पिशवीवरील लॉट क्रमांकाची चिठ्ठी आणि खुद्द रिकामी पिशवी, हीं पीक घरांत येईपर्यंत जपावीं. पेरणीपूर्वी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे आणि किती मोडावले तें पाहावें. सोयाबीनला किमान ७० उगवले पाहिजेत. पेरल्यावर उगवण कमी दिसली, तर शेत मोडण्यापूर्वीं तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी व पोंच घ्यावी. तक्रार निवारण समितीचा पाहणी-अहवाल हाच पुढें मुख्य पुरावा होतो. उतावळेपणानें नांगर फिरविला, कीं तोही गेला.

जिल्हा ग्राहक आयोग यवतमाळांतच आहे. कंपनी कोठचीही असो, आपण राहतों त्या जिल्ह्यांत तक्रार करतां येते. मालाची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं, वकीलही सक्तीचा नाहीं. मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत गेलें पाहिजे. कायदा ३ महिन्यांत, तपासणी लागल्यास ५ महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो. प्रत्यक्षांत तारखा लांबतात, हें कबूल केलें पाहिजे; कर्ज काढून पेरणाऱ्याला हा विलंब जड जातो.

पावती देणें ही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. १९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशानें तें त्याच्यावर बंधनकारक आहे. तो कां-कूं करूं लागला, तर या आदेशाचें नांव सौम्यपणें घ्यावें. हल्लीं मी तसेंच करतों, आणि पावतीपुस्तक बहुधा गल्ल्याखालींच सांपडतें.