डांग्या खोकला आणि निष्प्रभ होणारी प्रतिजैविके

त्रिगुणी लसीचा प्रसार झाल्यापासून डांग्या खोकल्याचा ठसठशीत रुग्ण चिकित्सालयात विरळाच दिसतो. आमच्यापैकी अनेक तरुण वैद्यांनी त्या उबळीअंती येणारा दीर्घ, घोगरा श्वास प्रत्यक्ष ऐकलेलाही नसेल. असा विसरत चाललेला व्याधी आज औषधाला दाद न देणाऱ्या रूपात परतत आहे. म्हणून या अंकात त्याविषयी सभासदांशी व औषधविक्रेत्या बंधूंशी चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या व्याधीचा जंतू बोर्देत व झांगू यांनी १९०६ साली वेगळा केला. त्यावरील आधुनिक चिकित्सेची सारी भिस्त एरिथ्रोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन या मॅक्रोलाइड वर्गावर आहे. जंतूच्या प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेत हे औषध अडकून बसते व तिचे काम थांबविते. मात्र त्या यंत्रणेतील आरएनएच्या एका ठिकाणी, २०४७ या स्थानी, एकच अक्षर बदलले की औषधाला धरावयास जागाच उरत नाही. मग मात्रा दुप्पट करा की चौपट, जंतू जुमानत नाही. 'डोस वाढवून पाहू' या आपल्याकडील सवयीला येथे काहीच अर्थ नाही.

असा प्रतिरोधी जंतू प्रथम १९९४ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात आढळला. पुढे बरीच वर्षे तुरळक उदाहरणांपलीकडे काही घडले नाही. २०११ पासून चीनमध्ये चित्र पालटू लागले. शांघाय येथील अभ्यासात २०१६ साली प्रतिरोधी जंतूंचे प्रमाण ३६.४ टक्के होते, ते २०२२ साली ९७.२ टक्क्यांवर गेले. याहून चिंतेची बाब अशी की, आरंभीचे प्रतिरोधी जंतू जुन्या वंशाचे होते. अलीकडे मात्र जगभर वरचढ ठरलेल्या नव्या वंशानेही हा गुण धारण केला आहे. २०२४ च्या पहिल्या दोन महिन्यांत चीनमध्ये ३२,३८० रुग्ण व १३ मृत्यू नोंदले गेले. जपानमध्ये २०१८ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची झाली. तेव्हापासूनची सर्वाधिक संख्या २०२५ साली झाली व तेथेही प्रतिरोधी जंतू सापडले. चिनी व जपानी दोन्ही भाषांत या व्याधीचे नाव 'शंभर दिवसांचा खोकला' असेच आहे. नाव किती यथार्थ आहे, हे रुग्णाच्या आईस विचारावे.

पर्यायी औषध म्हणून को-ट्रायमॉक्साझोल दिले जाते. परंतु ते दोन महिन्यांखालील बालकास वर्ज्य आहे, कारण त्याने कावीळ वाढून मेंदूस इजा होण्याचे भय असते. आणि या व्याधीने बालके दगावतात ती प्रामुख्याने याच वयात! आपल्याकडे त्रिगुणी अंशाची पहिली मात्रा दीड महिन्यानंतर मिळते. गरोदर स्त्रीस सरकारी कार्यक्रमात दिल्या जाणाऱ्या टीडी लसीत डांग्या खोकल्याचा अंश नसतो. तो असलेली लस खासगीरीत्या घ्यावी लागते. म्हणजे नवजात बालकाभोवतीची तटबंदी आधीच तोकडी, त्यात आता औषधही हातचे जाण्याची भीती.

वैद्यांचा संबंध येथेच येतो. पहिला आठवडा-दीड आठवडा हा व्याधी साध्या पडशासारखा असतो. प्रतिजैविकाचा खरा उपयोगही तेव्हाच. उबळी सुरू झाल्यावर त्याने संसर्ग पसरणे थांबते, पण उबळी फारशा कमी होत नाहीत. नेमक्या या पहिल्या काळात रुग्ण अडुळसा, ज्येष्ठमध, सितोपलादि यांसाठी आपल्याकडे येतो. चरकांनी कासाचे पाच भेद सांगितले. त्या चौकटीत लक्षणांचे शमन करण्यास आमची हरकत नाही. परंतु तीन महिन्यांखालील बालक 'हुप' असा आवाज करीलच असे नाही. ते खोकता खोकता निळे पडते, किंवा नुसताच श्वास थांबतो. असे बालक चूर्णाची पुडी देऊन घरी पाठविणे हा अपराध आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. त्यास त्वरित रुग्णालयात धाडावे, व घरात कोणास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय हे विचारावे. बहुधा तो आईला किंवा थोरल्या भावंडाला असतो. आणि एक वर्षाखालील बालकास मधाचे चाटण देऊ नये. मधातून होणाऱ्या बॉट्युलिझमचा धोका आता निर्विवाद मानला जातो, परंपरा काहीही असो.

औषधविक्रेत्यांशी मात्र आमचे थोडे भांडण आहे. 'खोकल्याची तीन गोळ्यांची पट्टी' म्हणून ॲझिथ्रोमायसिन चिठ्ठीवाचून हाती पडते, हे कोणी नाकारील काय? कोणत्या वैद्याने कोणते औषध लिहावे, या जुन्या वादात आम्ही येथे पडत नाही. परंतु बहुतांश पडसे-खोकला विषाणूंचा असतो व तेथे ही गोळी काहीच करीत नाही. मात्र घशात वसलेल्या इतर जंतूंना ती प्रतिकाराचे शिक्षण देते. डांग्या खोकल्याच्या जंतूचे संवर्धन किचकट, खास माध्यमावर व कित्येक दिवस घेणारे असल्याने तो प्रतिरोधी आहे की नाही हे आपल्याकडे सहसा तपासलेच जात नाही. तेव्हा योग्य मात्रेत ॲझिथ्रोमायसिन घेऊनही उबळी व संसर्ग आटोक्यात न येणारा रुग्ण दिसल्यास त्याचा नाकघशातील स्राव पीसीआर तपासणीस पाठविण्याची व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यास कळविण्याची विनंती आम्ही सर्व सभासदांस करीत आहोत.